चौकोनातला चौकोन

(माजी विद्यार्थी मेळाव्याच्या पहिल्या दिवशी दुपारच्या सत्रात केलेले भाषण. सभागृहात वाटलेला छापील कागद या स्मरणिकेच्या प्रत्येक प्रतीत सुटा घातला आहे.)



जेवणानंतरचं सत्र मला दिलं आहे. त्यात बासुंदी होती. म्हणजे समितीनं माझी परीक्षाच पाहायची ठरवलेली दिसते. तेव्हा तुम्ही जागे राहावं म्हणून प्रत्येक खुर्चीवर मी एक कागद ठेवला. काहींनी त्याचा पंखा केला आहे, चालेल. पण आता एकदा तो उलगडून मांडीवर ठेवा.

कागदावर दोन मोठे चौकोन आहेत. डावीकडचा गडद तपकिरी, काळ्या मातीत पाणी पडल्यावर होतो तसा. उजवीकडचा फिकट पिवळा. दोन्हींच्या पोटात एकेक लहान चौकोन आहे. मला एवढंच सांगा, दोन लहान चौकोनांपैकी उजळ कोणता?

डावीकडचा. बरोबर, बहुतेक सगळे हेच म्हणणार. मागून कोणीतरी म्हणालं, "डावीकडचा हळदीसारखा अन् उजवीकडचा मातकट." तेही बरोबर.

दोन्ही लहान चौकोन एकाच डब्यातल्या शाईनं, एकाच स्क्रीनमधून, एकाच वेळी, स्क्विजीच्या एकाच ओढीत छापले आहेत. माझा धंदाच तो आहे, त्यामुळे तुम्हाला वाटेल मी काही लबाडी केली. म्हणून सांगतो, दोन्ही मोठे चौकोन छापताना मधली जागा मी कोरी सोडली होती. म्हणजे मधली शाई दोन्हीकडे पांढऱ्या कागदावरच बसली आहे, खालून तपकिरी किंवा पिवळा रंग तिला लागलेला नाही. तरी विश्वास बसत नसेल तर पाकिटाला किंवा निमंत्रणपत्रिकेला दोन भोकं पाडा आणि बाजूचा रंग झाकून फक्त मधलं पाहा. आत्ताच पाहा, मी थांबतो.

(सभागृहात थोडा वेळ कागदांचा आवाज.)

दिसलं? आता झाकण काढा. परत वेगळे दिसतात. माहीत झालं तरी डोळा ऐकत नाही. रंग एकटा नसतो, शेजारी कोण बसलंय त्यावर तो कसा दिसेल हे ठरतं. हे दाखवण्यात एका माणसानं आयुष्याची शेवटची पंचवीस-सव्वीस वर्षं घालवली. तो एक शाळामास्तर होता, म्हणून या मेळाव्यात त्याच्याविषयी बोलायला हरकत नसावी.

जोसेफ आल्बर्स हे त्यांचं नाव. जन्म १८८८, जर्मनीतल्या बोट्रॉप या कोळशाच्या खाणींच्या गावी. वडील घरं रंगवणारे. दार कसं रंगवायचं हे वडिलांनी शिकवलं होतं, मधून सुरुवात करायची आणि कडेकडे यायचं, म्हणजे ओघळ सावरता येतात आणि बाही भरत नाही. पुढे मोठेपणी त्यांचे चौकोनही तसेच मधून बाहेर रंगवले गेले. तरुणपणी काही वर्षं ते प्राथमिक शाळेत मास्तर होते. मग बाउहाउस या जर्मनीतल्या नावाजलेल्या कलाशाळेत आधी विद्यार्थी म्हणून गेले आणि नंतर तिथेच शिक्षक झाले. १९३३ साली नाझी राजवटीच्या दडपणाखाली ती शाळा बंद पडली. त्याच वर्षी ते आणि त्यांची पत्नी आनी अमेरिकेत गेले, ब्लॅक माउंटन कॉलेजात शिकवू लागले. १९५० साली येल विद्यापीठात आले आणि त्याच वर्षी, वयाच्या बासष्टाव्या वर्षी, म्हणजे आपल्याकडे माणूस पेन्शनीची कागदपत्रं लावून मोकळा झालेला असतो त्या वयात, त्यांनी एक चित्रमालिका सुरू केली. चौकोनाला मानवंदना, असं तिचं नाव. चौकोनात चौकोन, त्यात चौकोन, कधी तीन, कधी चार. दुसरं काही नाही. १९७६ साली वारले तोवर हेच करत होते. अशी हजारावर चित्रं झाली, आणि पुष्कळ छापही. १९७१ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयानं त्यांचं मोठं प्रदर्शन भरवलं. हयात असलेल्या चित्रकाराचं तसं प्रदर्शन तिथे त्याआधी झालं नव्हतं.

मला ठाऊक आहे, आता तुमच्यातल्या निम्म्यांच्या मनात काय आलं. "हे त आमचा पोट्टाही काढते!" माझ्या दुकानात हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की त्याची पाटी लावायला हरकत नाही. त्याला माझं उत्तर असतं, काढू दे की. आजच घरी जाऊन काढायला लावा. माप मी सांगतो. बाहेरचा चौकोन दहा सेंटिमीटरचा घ्या. आतला सहाचा. पण आतला बरोबर मध्ये ठेवायचा नाही. खाली एक सेंटिमीटर सोडा, डावी-उजवीकडे दोन-दोन, आणि वर तीन. एक, दोन, तीन. आल्बर्स यांचं प्रमाण हेच होतं. तुमच्या मांडीवरच्या कागदात मीही तेच वापरलंय. तो चौकोन खाली सरकलाय हे पाहून मघाशी एकजण मला म्हणाला, कापणाऱ्याचा हात चुकला वाटते. नाही, तो मुद्दाम तसा आहे. बरोबर मध्ये ठेवला तर चौकोन मेल्यासारखा बसतो, खिडकीच्या चौकटीसारखा. थोडा खाली ठेवला की त्याला वजन येतं, जमीन सापडते, आणि थोडा वेळ पाहिलं की तो आत जातोय की बाहेर येतोय हे कळेनासं होतं. पोट्टा काढतो ते चौकोन. पण तीनच रंग घेऊन त्यातला मधला रंग पेटवायचा की विझवायचा, हे ठरवून काढणं म्हणजे काय ते आपल्यातल्या ज्यांनी ज्यांनी ग्रेडची परीक्षा दिली त्यांना ठाऊक आहे.

एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट! किती जणांनी दिली? हात वर करा... वा, पुष्कळ आहेत. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, आणि कर्तव्यभूमिती व अक्षरलेखन. आठवतं? संकल्पचित्राच्या पेपरला सगळ्यांचा घाम निघायचा. वर्तुळाचे तुकडे, त्रिकोण, एकमेकांवरून गेलेल्या पट्ट्या, आणि पोस्टर कलर सपाट भरायचा. ब्रशचा ओरखडा दिसता कामा नये, कडेला रंग बाहेर जाता कामा नये. पाणी जास्त झालं तर डाग, कमी झालं तर रंग भेगाळतो. आपले चित्रकलेचे सर बाकाबाकांमधून हात मागे बांधून फिरायचे आणि फक्त एवढंच म्हणायचे, "सपाट. सपाट." त्यांनी आपल्याला काय शिकवलं हे त्यावेळी आपल्याला सांगितलं नाही, आणि आपणही विचारलं नाही. ती अमूर्त भौमितिक रचना होती. जगातले मोठे संग्रहालयवाले ज्याला भिंत देतात त्याच जातीचं काम आपण तेराव्या-चौदाव्या वर्षी आठ आण्याच्या ब्रशनं करत होतो.

आल्बर्स यांना ब्रश नको होता. ते ट्यूबमधला रंग न मिसळता चाकूनं पसरत आणि कोणत्या कंपनीचा कोणता रंग घेतला ते चित्राच्या पाठीमागे लिहून ठेवत. दुकानाच्या वहीसारखं. १९६३ साली रंगांच्या परस्परसंबंधांवरचं त्यांचं पुस्तक येल विद्यापीठानं काढलं, तेव्हा त्यातले दीडशे नमुने स्क्रीन प्रिंटिंगनं छापले. त्यांचे दोन विद्यार्थी, नॉर्मन आइव्ह्स आणि स्यूएल सिलमन, यांनी ते छापण्याचं काम अंगावर घेतलं. पुढे १९७२ साली आल्बर्स यांच्या आयुष्यभरच्या कामाचा जो मोठा संच निघाला त्यात १२७ स्क्रीन प्रिंट होते. स्क्रीन प्रिंटिंगच का? इथून पुढे माझा विषय.

आपल्यातले बरेच जण शेतकऱ्याच्या, नाहीतर जिनिंगशी संबंध असलेल्या घरातले. प्रेसमधून कापसाची गाठ बाहेर पडते, एकशेसत्तर किलोची, तेव्हा तिच्या अंगावर काळ्या शाईनं मार्का आणि नंबर मारतात. पत्र्याचा साचा धरायचा, वरून शाईचा ब्रश फिरवायचा. त्या आकड्यांत शून्य कधी नीट पाहिलंय? ते पूर्ण गोल नसतं. दोन अर्धे कंस असतात आणि वर-खाली फट असते. कारण शून्य पूर्ण कापलं तर त्याच्या पोटातला तुकडा गळून पडतो आणि छापला जातो तो शून्य नव्हे, काळा ठिपका. म्हणून साचा कापणारा दोन पट्ट्या ठेवतो, पोटाला धरून ठेवायला. साच्याचं सगळं दुःख या दोन पट्ट्यांत आहे. चौकोनातला चौकोन साच्यानं मारता येत नाही, वर्तुळातला बिंदू मारता येत नाही. आतलं जे आहे ते बाहेरच्याला बांधलेलंच राहतं.

जपान्यांनी यावर फार पूर्वी उपाय काढला. कागदी साच्यातले सुटे तुकडे बारीक रेशमी धाग्यांनी जागच्या जागी धरायचे. धागा इतका बारीक की शाई त्याच्या खालून मिळून जाते. मग पुढची पायरी म्हणजे चौकटीला अख्खं रेशमी कापडच ताणायचं आणि साचा त्या कापडावर बसवायचा. १९०७ साली मँचेस्टरच्या सॅम्युअल सायमन यांनी याचं पेटंट घेतलं. आता रेशीम गेलं, नायलॉन आणि पॉलिस्टर आलं. सेंटिमीटरला शंभर-सव्वाशे धाग्यांची जाळी, तिच्यावर प्रकाशानं कडक होणाऱ्या इमल्शनचा हात. काळी आकृती काढलेला पारदर्शक कागद त्यावर ठेवून उजेड दाखवायचा. जिथे उजेड लागला तिथे थर कडक होतो, काळ्याखाली मऊ राहतो आणि पाण्यानं धुतला की निघून जातो. तेवढीच जाळी मोकळी. शाई टाकायची, रबराची स्क्विजी ओढायची, शाई मोकळ्या जाळीतून खाली उतरते. सपाट, सगळीकडे सारखी. सरांना जे हवं होतं ते!

अकोल्यात मी दुकान टाकलं तेव्हा एक्स्पोजरचं यंत्र घ्यायला पैसे नव्हते. पण आपल्याकडे ऊन काही विकत घ्यावं लागत नाही. काच, पॉझिटिव्ह आणि फ्रेम घेऊन गच्चीवर जायचं. पुस्तकात मिनिटं लिहिलेली असत, अकोल्याच्या मे महिन्यात त्यातली निम्मीही लागत नसत. त्याच मे महिन्यात लग्नसराई. बाहेर पंचेचाळीस अंश, आत शाई जाळीतच वाळून बसायची. दहा पत्रिका झाल्या की थिनरनं जाळी पुसा. कूलर लावला तर हवेत ओल, आणि ओलीनं इमल्शन नीट वाळत नाही. कूलर बंद केला तर माणसं वाळतात. कोऱ्या रंगीत पत्रिका बाहेरून तयार येत, आम्ही त्यावर वधूवरांची नावं सोनेरीत आणि आहेर न आणण्याची विनंती लाल रंगात छापायचो. (आहेर तरीही यायचा.) दोन रंग म्हणजे दोन स्क्रीन, आणि दुसरा रंग पहिल्याच्या बरोबर जागी बसला पाहिजे. त्याला रजिस्ट्रेशन म्हणतात. टेबलावर कागदाला अडायला तीन चिकटपट्टीचे तुकडे लावायचे, दोन लांब बाजूला, एक आखूड बाजूला. या तीन तुकड्यांवर माझं घर उभं आहे.

आता एक गंमत सांगतो. १९३०च्या दशकातल्या मंदीत अमेरिकन सरकारनं बेकार चित्रकारांना पगारी काम दिलं. न्यूयॉर्कमध्ये अँथनी वेलोनिस नावाचा तरुण होता, त्याला दुकानातलं स्क्रीन प्रिंटिंग ठाऊक होतं. त्यानं चित्रकारांना ते शिकवलं आणि पोस्टरांबरोबर चित्रंही त्यातून छापली जाऊ लागली. पण मग प्रश्न पडला. दुकानाच्या पाट्या आणि चित्रकाराचा छाप, दोन्हींना एकच नाव कसं चालेल? म्हणून १९४०च्या सुमारास नवा शब्द घडवला गेला, सेरिग्राफ. रेशमासाठीचा लॅटिन शब्द आणि लिहिण्यासाठीचा ग्रीक शब्द जोडून. तेव्हापासून आम्ही करतो ते स्क्रीन प्रिंटिंग आणि गॅलरीत लागतं ते सेरिग्राफ. जाळी तीच, स्क्विजी तीच, थिनरचा वासही तोच. त्यांचा कागद मात्र चांगला असतो, हे मान्य. आणि एक फरक खरा आहे. ते मोजून प्रती काढतात, समजा शंभर, प्रत्येकीवर चित्रकार पेन्सिलीनं सही करतो, बारा भागिले शंभर असं लिहितो, आणि मग स्क्रीन धुऊन टाकतात. एकशे एकावी निघत नाही.

"मग ते अस्सल की नक्कल?" हा प्रश्न एका वकील मित्रानं विचारला होता. अस्सल चित्राचा फोटो काढून मशीनवर हजारो प्रती काढल्या तर ती नक्कल, यात वाद नाही. पण सेरिग्राफमध्ये एकेक रंगाचा वेगळा स्क्रीन असतो, प्रत्येक रंग हातानं ओढलेला असतो, आणि कोणती शाई किती गडद हे चित्रकारासमोर बसून ठरतं. आल्बर्स यांच्या बाबतीत तर मी म्हणेन की छाप हा चित्रापेक्षाही त्यांच्या म्हणण्याच्या जवळचा आहे. दोन ठिकाणचा रंग तंतोतंत एकच आहे, हे स्क्रीनइतकं बिनतोड दुसरं काही सिद्ध करत नाही. तुमच्या मांडीवर पुरावा आहे. त्यांच्या पत्नी आनी आल्बर्स यांचं उदाहरण तर मला अधिकच आवडतं. त्या नावाजलेल्या विणकर. १९६३ साली लॉस एंजेलिसच्या एका कार्यशाळेत त्यांनी छापकाम हाती घेतलं आणि पुढे माग बाजूला ठेवून छापाच्याच झाल्या. त्रिकोणांचे त्यांचे स्क्रीन प्रिंट पाहिले तर त्यात ताणाबाणा दिसतोच. उभ्याआडव्या धाग्यांच्या जाळीतून शाई उतरवायची, हे विणकरणीला परकं वाटलं नसणार.

आता तुम्ही म्हणाल, अमेरिका पुरे झाली, आपलं काय? आपलं सांगतो. आणि ते पुष्कळ आहे.

आपली पिढी विसरली आहे की एकेकाळी आपला प्रांत मध्य प्रांत आणि वऱ्हाड होता. राजधानी नागपूर. अकोला, अमरावती त्यात, आणि नर्मदेकाठचं मंडलाही त्यातच. त्या मंडला जिल्ह्यातल्या बाबरिया गावी २२ फेब्रुवारी १९२२ रोजी सय्यद हैदर रझा जन्मले. वडील जंगलखात्यात. कक्कैया नावाच्या खेड्यातल्या प्राथमिक शाळेत पोरगा शिकत होता, पण शिकण्यात लक्ष नव्हतं. शाळेचे मास्तर नंदलाल झारिया यांनी एक दिवस व्हरांड्याच्या पांढऱ्या भिंतीवर एक ठिपका काढला आणि सांगितलं, बस इथे, आणि याच्याकडे पाहत राहा. छडी नाही, पाढे नाहीत, कान पिरगाळणं नाही. एक ठिपका. रझांनी ही हकीकत पुढे आयुष्यभर सांगितली.

ते पोर मग १९३९ ते १९४३ नागपूरच्या कलाशाळेत शिकलं. मुंबईला जाऊन ब्लॉक तयार करणाऱ्या एका स्टुडिओत नोकरी करू लागलं. ब्लॉक म्हणजे छपाईचे ठसे, म्हणजे आमचेच भाऊबंद! नोकरी सांभाळून जे. जे.त शिकलं. १९४७ साली मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप निघाला. सूझा, रझा, हुसेन, आरा, बाकरे आणि गाडे, असे सहाजण. यातले ह. अं. गाडे, हरी अंबादास गाडे, कुठले माहीत आहे? आपल्या तळेगाव दशासरचे! जन्म १९१७. शंकरपटासाठी तळेगावला जाणारे इथे पुष्कळ बसले आहेत. बैलांची नावं तुम्हाला पाठ असतील, पण गाड्यांचं नाव ऐकलंय असे किती? गाडे विज्ञानाचे पदवीधर, पेशानं शिक्षक, आणि भारतात अमूर्ताकडे लवकर वळलेल्या चित्रकारांत त्यांची गणना होते. म्हणजे ज्या सहाजणांपासून आधुनिक भारतीय चित्रकलेचा इतिहास सांगायला सुरुवात करतात त्यातले दोघं आपल्या प्रांतातले, आणि त्यातला एक आपल्या जिल्ह्यातला. पुढे त्याच गटात आलेले वासुदेव गायतोंडे, ज्यांचं प्रदर्शन २०१४ साली न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात झालं, त्यांचा जन्म १९२४चा, नागपूरचा. अमरावतीत मला गाड्यांच्या नावाचा एक चौक दाखवा, एक चहा माझ्याकडून.

रझा १९५० साली पॅरिसला गेले. तिथे नाव झालं, १९५६ साली समीक्षकांचा मानाचा पुरस्कार मिळाला. निसर्गचित्रं उत्तम विकली जात होती. पण मन लागेना. सत्तरच्या दशकात ते पुन्हापुन्हा भारतात येऊन फिरले आणि त्या दशकाच्या अखेरीस त्यांच्या चित्रात तो ठिपका परत आला. बिंदू. काळा, मोठा, चौकोनाच्या मधोमध. भोवती वर्तुळं, त्रिकोण, आडव्या पट्ट्या. भूमितीच सगळी, पण आल्बर्स यांच्या भूमितीहून अगदी वेगळी. आल्बर्स आपल्याला डोळ्यावर भरवसा ठेवू नका म्हणतात, रझा डोळा एका जागी टेकवायला सांगतात. मला स्वतःला विचाराल तर कारागीर म्हणून मी आल्बर्स यांच्या बाजूचा आहे. पण दिवसभर शाईत काम करून संध्याकाळी भिंतीवर काय हवं म्हणाल तर रझांचा बिंदू.

रझांच्या उत्तरायुष्यात या बिंदूंचे सेरिग्राफ निघाले, सही-नंबर घातलेले. मूळ चित्रांच्या किमती आपल्या आवाक्यातल्या नाहीत. २०१० साली त्यांच्या सौराष्ट्र नावाच्या चित्राला लिलावात सोळा कोटींवर मिळाले. पण छापामुळे तो काळा बिंदू डॉक्टरांच्या, प्राध्यापकांच्या बैठकीतही पोचला. आणि तो काळा छापणं सोपं नाही हो. सपाट काळा मोठ्या आकारात छापायचा म्हणजे स्क्विजीचा दाब टोकापासून टोकापर्यंत एकच हवा. मध्ये हात थांबला की रेघ उमटते. धूळ बसली की पांढरा टिपका. पिवळ्यात चूक लपते, काळ्यात नाही. अशा छापासमोर मी उभा राहतो तेव्हा आधी कडा पाहतो, मग काळा पाहतो, आणि ज्यानं तो ओढला त्या कोणा अनाम माणसाला मनात नमस्कार करतो. सही रझांची आहे, हात त्याचा आहे.

२०१०च्या अखेरीस, साठ वर्षांनी, रझा कायमचे भारतात परतले. २३ जुलै २०१६ रोजी दिल्लीत वारले, आणि इच्छेप्रमाणे त्यांचं दफन मंडल्याला वडिलांच्या शेजारी झालं. २०२३ साली पॅरिसच्या पाँपिदू केंद्रात त्यांचं मोठं प्रदर्शन भरलं. त्या भिंतींवर जो काळा गोल टांगला होता तो आपल्या जुन्या प्रांतातल्या एका खेडवळ शाळेच्या व्हरांड्यातला होता.

आता मूळ मुद्द्यावर येतो, ज्याच्यासाठी मी हे तास-पाऊणतास तुमचं डोकं खाल्लं. आपल्या मेळाव्याचा निधी जमला आहे. काय करायचं ते उद्याच्या सभेत ठरणार आहे. कमान बांधावी अशी एक सूचना आहे, डिजिटल फलक घ्यावा अशी दुसरी. दोन्ही सूचना प्रेमाच्या आहेत. पण मी काल आपली चित्रकलेची खोली पाहिली. तिच्यात सध्या मोडकी बाकं आणि निवडणुकीच्या वेळचे पत्र्याचे डबे आहेत. सर निवृत्त झाल्यापासून जागा भरलेली नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात लिहिलंय की सहावी ते आठवीत शंभरावर मुलं असतील तर कलेसाठी अंशकालीन शिक्षक हवा. लिहिलेलं आहे, एवढंच. इथली मुलं आज इंटरमिजिएटला बसतात ती बाहेर शिकवणी लावून. ज्यांच्या घरी शिकवणीचे पैसे नाहीत ती बसतच नाहीत. त्या परीक्षेचे दहावीला काही वाढीव गुण मिळतात म्हणून तरी पालक तिकडे पाहतात. आमच्या १९८४च्या बॅचमध्ये रिक्षावाल्याचा मुलगा आणि डॉक्टरची मुलगी एकाच बाकावर बसून एकाच डबीतून पांढरा रंग घेत होती. शिकवणी तेव्हाही होत्या, पण चित्रकलेला कोणाला लागत नव्हत्या.

माझं म्हणणं असं. ती खोली मोकळी करून द्या. निधीतून तीन वर्षं एका चित्रकला शिक्षकाचं मानधन बाजूला काढा. पदविका झालेली, काम शोधणारी मुलं अमरावतीत आहेत, मी त्यातल्या काहींना दुकानात पत्रिका छापताना पाहतो. छापण्याचं टेबल, दहा चौकटी, स्क्विज्या आणि वाळवायची रॅक मी देतो. माझ्याकडे ते पडून आहे. खरं सांगायचं तर आमचा पत्रिकेचा धंदा मोबाइलनं निम्मा खाल्ला आणि फ्लेक्सनं उरलेला. पण टेबल मजबूत सागवानी आहे. शाईचा प्रश्न कोणी काढेल म्हणून सांगतो, शाळेसाठी थिनरची शाई वापरायची नाही. पाण्यात धुतली जाणारी शाई मिळते, वास नाही, त्रास नाही. इमल्शन उन्हात एक्स्पोज करता येतं आणि आपल्या मैदानावर ऊन काही कमी पडणार नाही. एका वर्गानं एक छाप काढायचा, चाळीस प्रती, प्रत्येक मुलानं एक घरी न्यायची, नंबर घालून. सही सगळ्यांनी करायची.

कमानीवर आपली नावं कोरली जातील, हे मला दिसतं. त्यात वाईट काही नाही. पण कमानीचा प्रस्ताव मांडणाऱ्या मित्रांना मी विनंती करतो की मत देण्याआधी एकदा जिना चढून ती खोली पाहून यावी. किल्ली शिपाईकाकांकडे आहे.

आणि आज संध्याकाळी पाचला त्याच व्हरांड्यात मी एक टेबल मांडतोय. तुमच्या कागदावरचा तिसरा रंग, मधला, तो मुद्दाम साठ कागदांवर छापायचा ठेवला आहे. ज्याला स्वतः स्क्विजी ओढून पाहायची आहे त्यानं यावं. बायांनी साडीचा पदर खोचून, गड्यांनी जुना शर्ट घालून. संध्याकाळची शाई माझ्या दुकानातली आहे, थिनरची, ती धुतल्यानं जात नाही.